भिंतीतले फडताळ आणि दारचा सुतार

दक्षिणी बांधणीच्या जुन्या वाड्यात कपाट शोधू जाणाऱ्यास ते सहसा दिसत नाही, कारण ते खोलीत उभे नसून भिंतीच्या पोटात असते. खाली दगडाची, वर विटांची किंवा पांढऱ्या मातीची, दीड-दोन हात जाडीची ती भिंत चढत असतानाच गवंडी जेथे जागा सोडी तेथे सुतार सागवानी चौकट उभी करी, चौकटीवरून गवंड्याचे काम पुढे जाई, आणि घर पुरे होईतो माजघरात, कोठीच्या खोलीत, देवघरात आणि माडीवर लहानलहान दुपाखी दारे भिंतींतूनच उघडू लागत. त्यांना फडताळ म्हणत. दार नसून वर नुसती महिरप असे तो कोनाडा. आणि भिंतीच्या जाडीत, बाहेरून मागमूस लागू नये अशा बेताने, धान्य वा द्रव्य दडवण्याची जी जागा ठेवलेली असे ती बळद.

किल्ल्यांचा, तख्तांचा आणि तहनाम्यांचा इतिहास आपण परिश्रमपूर्वक लिहिला. परंतु घरातले लुगडे कोठे ठेवले जाई, आणि ते ठेवण्याची जागा कोणी, कोणत्या कराराने आणि कोणत्या लाकडाची करून दिली, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो करण्याजोगा आहे असे मला वाटते, कारण कुटुंब आणि कारागीर यांच्यातील व्यवहार या एका वस्तूत जितका उघड दिसतो तितका क्वचितच दुसऱ्या वस्तूत दिसेल. नांगर शेतावरच मोडतो आणि तेथेच दुरुस्त होतो, पाळणा दोन-चार मुलांनंतर माळ्यावर जातो. फडताळ करणाऱ्यास मात्र घराच्या अगदी आतल्या खोलीपर्यंत यावे लागते, आणि घरात काय आहे व त्यातले काय नजरेआड ठेवायचे आहे हे त्याला विश्वासाने सांगावे लागते.

या फडताळात वस्त्रे थोडीच असत. धोतर, लुगडे, उपरणे, शालजोडी ही न शिवलेली वस्त्रे घडी घातली की चौकोनी व सपाट होतात, आणि हातभर खोल फळीवर एकावर एक राहतात. बंडी, अंगरखा, पगडी यांची जागा खुंटाळ्यावर. सोवळ्याची गोष्ट तर अगदीच निराळी होती: ते उंच दांडीवर, कोणाचा हात लागू नये म्हणून काठीने चढवले आणि काठीनेच उतरवले जाई, त्यास बंद कपाट चालतच नसे. राहता राहिली ती जरीची पैठणी, शालू, शेले. ती धुवट मऊ फडक्यात बांधून, वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे घालून पेटीत जात, आणि पेटी फडताळाच्या खालच्या खणात. राजदरबारी हीच व्यवस्था विस्ताराने होती. वस्त्रे व जडजवाहीर जामदारखान्यात, तंबू व बिछायती फरासखान्यात, धान्य कोठीत, आणि प्रत्येक खात्यावर आवकजावक लिहिणारा जबाबदार अंमलदार. सामान्य गृहस्थाचा जामदारखाना म्हणजे माजघरातले दोन फळ्यांचे फडताळ, आणि त्याचा अंमल कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावणाऱ्या घरच्या वडील बाईकडे. कागदपत्रांचेही तेच. रुमालात बांधलेले दस्तऐवज, सनदा, खतपत्रे भिंतीतल्या कोरड्या खणात पिढ्यान्‌पिढ्या टिकली. नाना फडणविसांचे जे दप्तर मेणवलीस राहिले ते मेणवली दप्तर या नावाने पुढे संशोधकांस उपलब्ध झाले, आणि देशभरच्या वतनदारांच्या वाड्यांतून इतिहासाची जी साधने हाती आली त्यांच्या रक्षणाचे काही श्रेय निनावी सुतारांच्या घट्ट बसणाऱ्या दारांसही द्यावयास हवे.

हा सुतार कोण होता? बारा बलुत्यांत त्याचे स्थान पहिल्या ओळीतले. नांगर, कुळव, पाभर, मोटेचे चाक, गाडीचे जू ही शेतीची आउते घडवणे व दुरुस्त करणे हे त्याचे वतनी काम, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर त्यास धान्याचा ठराविक हिस्सा मिळे. घरबांधणीचे लाकूडकाम मात्र बलुत्यात मोडत नसे. चौकट, दार, फडताळ, देव्हारा, पलंग हे सांगितले तर त्याची मजुरी निराळी ठरे. कधी रोख, कधी धान्य, कधी काम चालू असेतो दोन्ही वेळचे जेवण आणि काम संपल्यावर पागोटे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात या साऱ्या देण्याघेण्याचा सविस्तर आणि कठोर हिशेब मांडला आहे, आणि गावकीच्या गोडव्यात रमणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. बलुते हे जातीला बांधलेले होते. सुताराच्या मुलाने दुसरे काही व्हावे अशी त्यात सोय नव्हती, आणि दुष्काळाच्या वर्षी खळेच रिकामे राहिले तर त्याचा हिस्साही रिकामा राहे. हे मान्य करूनही त्या व्यवस्थेतला एक गुण नाकारता येत नाही. ज्याने फडताळ केले तो त्याच गावात राहत असे, पावसाळ्यात दार फुगले तर तोच रंधा घेऊन येई, आणि त्याच्या पश्चात त्याचा मुलगा येई. त्यामुळे वाईट काम करणे त्याला आयुष्यभर महाग पडे.

त्याचे मापही घराच्या मापाचे होते. गज चोवीस तसूंचा. दोन फळ्यांतले अंतर किती ठेवावे हे ठरवताना मात्र गजाबरोबर घरच्या बाईचा हातही मोजला जाई. माजघरातले व्यवहार बहुधा बसून चालत, म्हणून तेथले कोनाडे व फडताळे जमिनीपासून फार उंच नसत. माडीवरची, जेथे पुरुषांची बैठक, ती उभ्या माणसाच्या छातीशी येत. वाकस, करवत, पटाशी, रंधा, सामता, गुण्या एवढ्या हत्यारांवर तो सारे काम उरके. लोखंडी खिळा महाग, म्हणून सांध्यात कुसू बसवून लाकडाचीच पाचर ठोकण्याची रीत. जेथे चिकटवावयाचे तेथे जनावराच्या चामड्या-हाडांचा सरस विस्तवावर पातळ करून, तो गरम आहे तोवरच लावावा लागे. हा सरस थंड झाला की हात थांबलाच पाहिजे, आणि पावसाळी हवेत त्याचा भरवसा नसे. म्हणून चांगला सुतार सरसावर न विसंबता सांध्यावर विसंबे.

आता लाकूड. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शय्या व आसने यांसाठी प्रशस्त वृक्षांची जी गणना आहे तीत शाक आणि शिंशपा ही दोन्ही नावे येतात, म्हणजे सागाची प्रतिष्ठा फार पुरातन आहे. सागात जे तेल असते त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही, आणि ऋतुमानाप्रमाणे ते फुगते-आकसते तेही थोडे. चौकटीस व दारास यापरते दुसरे काय हवे? परंतु हेच गुण जहाजालाही हवे असतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी जी ताकीद आहे ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे: साग-शिसवासारखी झाडे लागतील ती हुजुराच्या परवान्याने तोडावी, आंबा-फणसांना मात्र हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावे. वृक्ष, रयत आणि राज्याची गरज या तिहींचा इतका विवेकी मेळ त्या काळच्या राजकीय लेखनात विरळा. पुढे मुंबईच्या गोदीत सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने सागाचीच जहाजे बांधली, आणि त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ट्रिंकोमाली आज इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. दोनशे वर्षे समुद्र सोसणारे लाकूड माजघरातल्या कोरड्या भिंतीत किती टिकेल हे सांगावयास नको.

पेशवाईत हे काम कोठवर पोहोचले याची साक्ष पुण्यात आहे. १७३० च्या जानेवारीत पाया घातलेल्या शनिवारवाड्याचे लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेले, आणि त्यासोबत तेथली सुतारकी कशी होती हे पाहण्याची आपली संधीही गेली. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा मात्र उरला. त्याच्या दर्शनी भागातले सुरूचे खांब व केळफुलांची नक्षी पाहिली की खोलीच्या आतली, कोणी न पाहावयाची दारेही त्याच हातांनी केली असतील हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

भिंतीबाहेरचे, चार पायांवर उभे असलेले कपाट आपल्याकडे आले ते मुख्यतः किनाऱ्यावरून. गोमंतकात ख्रिस्ती धर्मोपदेशकांची लांबरुंद, जरतारी वस्त्रे घडी न घालता ठेवावी लागत. जुन्या गोव्याच्या मोठ्या चर्चांच्या वस्त्रागारांत त्यासाठी खणांची प्रचंड लाकडी कपाटे झाली, आणि ती करणारे हात पुष्कळदा स्थानिक, अख्रिस्ती सुतारांचे होते. १५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने अशा कारागिरांकडून पूजेची उपकरणे व मूर्ती करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली यातच त्यांच्यावाचून काम अडत होते हे दिसून येते. एकोणिसाव्या शतकात मुंबईस शिसवीच्या कोरीव सामानाचा मोठा व्यापार उभा राहिला, तेव्हा साहेबलोकांच्या बंगल्यांतले आरशाचे कपाट पारशी, भाटिया, आणि मागाहून पाठारे प्रभू व ब्राह्मण वकिलांच्या दिवाणखान्यात शिरले.

परंतु फडताळास खरा धक्का दिला तो पोशाखाने आणि भिंतीने. कोट व पाटलोण घडीत ठेवले तर चुरगळते, म्हणून ते टांगावे लागते, आणि खांद्याच्या आकाराच्या आकड्यावर टांगलेल्या कोटास सुमारे दोन फूट खोलीची जागा लागते. हातभर फडताळात तो मावत नाही. दुसरीकडे सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्याने घराचा भार खांबांवर नेला आणि भिंत नऊ इंचांवर, आतली तर साडेचार इंचांवर आली. जिच्या पोटात संसार सामावत असे ती भिंत आता नुसता पडदा झाली. मुंबईच्या चाळींत तर प्रश्न त्याहून बिकट. बी.डी.डी. चाळींच्या साधारण १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसांचे कुटुंब राही. तेथे जी काही साठवण व्हायची ती उंचावर, म्हणून सुताराचे मुख्य काम पोटमाळा घालणे, फळ्या ठोकणे आणि खाटेखाली सरकतील अशा पेट्या करणे हे झाले. चाळीतल्या त्या पोटमाळ्यांची दखल वास्तुशास्त्राने घेतली नाही याचे मला वाईट वाटते. कमीत कमी लाकडात आणि भाडेकरूच्या तुटपुंज्या पैशात जागा दुप्पट करणारी ती विद्या होती.

याच सुमारास लोखंडी कपाट आले. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला, मग तिजोऱ्या केल्या, आणि १९२३ पासून पोलादी कपाटे बाजारात आणली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत स्फोट झाला तेव्हा आगीत सापडलेल्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले, ही वार्ता घरोघर गेली. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय लग्नात ‘गोदरेजचे कपाट’ देणे हा पुढे पन्नासेक वर्षे जणू विधीच होऊन बसला. त्यात एका अंगास कपडे टांगण्याची जागा, एका अंगास खण, मध्ये कुलुपाचा चोरखण आणि दारावर आरसा. लेकीचे स्त्रीधन सासरी तिच्याच किल्लीखाली राहावे ही आईबापांची इच्छा त्या पोलादी चोरखणाने जितकी पुरी केली तितकी माजघरातल्या सासूच्या फडताळाने कधी केली नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. सुतार मात्र त्या काळात घराबाहेर राहिला. कपाट हातगाडीवरून येई, आणि त्याला भिंतीचे माप घ्यावे लागत नसे.

तरी नव्या घराचा विचार करणारी माणसे होती. पुण्याचे अभियंता आर. एस. देशपांडे यांनी १९३० च्या दशकात मध्यमवर्गासाठी घरबांधणीवर अनेक पुस्तके लिहिली, आणि १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने आदर्श गृहाचे प्रदर्शन भरवले. आराखडा काढणारा एक आणि लाकूड कापणारा दुसरा, अशी विभागणी आपल्याकडे याच पिढीत झाली. पूर्वी दोन्ही कामे एकाच डोक्यात होती.

सुतार घरात परत आला तो दोन वस्तूंच्या बळावर. पहिली प्लायवूड. चहाच्या खोक्यांसाठी देशात सुरू झालेला हा धंदा फर्निचरकडे वळला, आणि सागाच्या फळीऐवजी आठ फूट बाय चार फुटांचा तक्ता सुताराच्या हाती आला. दुसरी वस्तू १९५९ सालची. पिडिलाइटच्या बळवंतराय पारेखांनी फेव्हिकॉल आणले, आणि विस्तवावर उकळायचा सरस इतिहासजमा झाला. थंडच लावायचा, पावसाळ्यातही धरणारा हा पांढरा चिकट पदार्थ मिळाल्यावर तक्त्यावर सनमायका डकवणे कोणासही जमू लागले. सांध्याची विद्या, जी शिकण्यास उमेदीची वर्षे जात, ती आवश्यक उरली नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनसंरक्षणाच्या प्रकरणी दिलेल्या आदेशाने जंगलतोडीवर कडक बंधने आली, तेव्हा आधीच महाग झालेला साग सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेला, आणि तक्त्याचे राज्य पक्के झाले.

आज जे कपाट छतापर्यंत, भिंतीस भिडवून, जागेवरच केले जाते ते तत्त्वतः जुन्या फडताळाचाच अवतार होय. भिंत पातळ झाली म्हणून कपाटच भिंत बनले. त्याची खोली दोन फूट असते, कारण कोटास तेवढी लागते आणि चार फुटी तक्ता मधोमध चिरला म्हणजे वाया काही जात नाही. त्याच्या फळीची जाडी कारखानदार मिलिमीटरांत छापतो, पण सुतार तिला सहा सूतच म्हणतो. इंचाचे आठ सूत हे माप दशमान पद्धतीस न जुमानता त्याच्या जिभेवर आणि पट्टीवर टिकले आहे. हा सुतार आता बहुधा गावचा नसतो. राजस्थानचे जांगिड, गुजरातचे मिस्त्री, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर पुण्या-मुंबईच्या इमारतींत महिना-महिना मुक्काम करून, रिकाम्या फ्लॅटमध्येच रांधून-निजून काम उरकतात. कोकणातले आणि देशावरचे सुतारही या धंद्यात आहेत, परंतु त्यांच्यातले पुष्कळसे कारखान्यांत वा अन्य नोकऱ्यांत गेले, आणि बलुत्याच्या जाचातून ते सुटले याचे दुःख करण्याचे कारण नाही.

व्यवहाराची रीतही पालटली. काम रोजाने द्यावे की उक्ते, सामान आपण आणावे की त्याच्यावर सोपवावे, विसार किती द्यावा आणि शेवटचा हप्ता केव्हा, हे प्रश्न आता प्रत्येक गृहस्थापुढे येतात, आणि बहुतेकांस ते आयुष्यात एक-दोनदाच सोडवावे लागत असल्याने अनुभव कामी येण्याच्या आतच काम संपलेले असते. रोजाने दिले तर काम लांबते, उक्ते दिले तर आत लपणाऱ्या भागात हलका तक्ता बसतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांचे मूळ कारागिराच्या नियतीत नसून नात्याच्या अल्पत्वात आहे असे माझे मत आहे. जो पुन्हा कधी त्या घरी येणार नाही, ज्याचे नाव घरच्यांना धड ठाऊक नाही, ज्याला मधला मक्तेदार मजुरी उशिरा देतो, त्याने बिजागरीच्या मागच्या स्क्रूची काळजी कोणासाठी करावी? शेजाऱ्याच्या घरचे पाच वर्षांपूर्वीचे काम उघडून पाहून, त्याच सुतारास बोलावून, लाकूड, जाडी, मुदत आणि दुरुस्तीची बोली कागदावर लिहून काम देणारी कुटुंबे आजही आहेत, आणि त्यांच्या घरचे खण सरळ सरकतात.

आता एक विनंती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात जो पूर आला त्याने नदीकाठच्या पेठांतले असंख्य वाडे खचले, आणि त्यानंतरच्या दशकांत जे उरले त्यांच्या जागी इमारती उठल्या. वाडा पाडला की तुळया, खांब, नक्षीची दारे जुन्या बाजारात विकली जातात. फडताळ मात्र भिंतीबरोबरच फुटते, कारण ते उपटून विकण्याजोगे नसते. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दारे-खिडक्या आयुष्यभर वेचल्या आणि कोथरूडचा मस्तानी महालदेखील आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला, म्हणून आपल्याला त्या वस्तू आज पाहावयास मिळतात. ज्यांच्या घरी असे एखादे भिंतीतले फडताळ अजून शाबूत आहे त्यांनी वाडा विकसकाच्या हाती देण्यापूर्वी त्याची मापे घ्यावी, दार उघडे व मिटलेले अशी दोन्ही छायाचित्रे काढावी, कोणत्या फळीवर काय असे हे घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारून लिहून घ्यावे, सुताराचे नाव कोणास आठवत असेल तर तेही लिहावे, आणि ते टिपण जवळच्या संग्रहालयास किंवा इतिहास मंडळास पाठवावे.